कोऱ्या स्फटिकावरची टेंगळं

४ सप्टेंबर

आत्या,

फोनवर तुला माझा आवाज पंपासारखा ऐकू येतो म्हणतेस, म्हणून आता पत्रच. बावीस वर्षं प्रयोगशाळेतल्या त्या पंपांशेजारी उभी राहून तू कान घालवलेस, आता त्याच जागी मी उभा असतो. आपल्या घराण्यात दुसरी इस्टेट नाही, तेव्हा हीच पुढे चालवतोय.

आधी खाली बस, मग वाच. स्फटिक फोडायच्या खोलीला तुझं नाव द्यायचं ठरलंय. साहेबांनी बैठकीत स्वतःहून विषय काढला. म्हणाले, "इथला एकेक निबंध बाईंनी फोडलेल्या स्फटिकांच्या ताज्या तोंडावर उभा आहे." दारावर पितळी पाटी लागणार, वीस ऑक्टोबरला समारंभ, आणि तुला दोन शब्द बोलायचेत. आत्या दोनच शब्द बोलेल असं मी सांगितलं, पण कोणाचा विश्वास बसला नाही.

माझी चाळीस स्फटिकांची मालिका चालू आहे. सुईच्या सूक्ष्मदर्शकाने काढलेली चित्रं सोबत आहेत. एका आयनाला एक टेंगूळ, तुझ्या वेळी होतं तसंच. शेवटचं चित्र मात्र नीट बघ. तो कोरा स्फटिक आहे. आयनांची झडप बंद करून, टेबलाचं व्होल्टेज जावं म्हणून भोवतालच्या पिंजऱ्याचं दार उघडून, नुसता टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटांनी काढून घेतला. त्याच्यावर सात टेंगळं आहेत. माझे मार्गदर्शक सर म्हणतात झडप गळत असेल, चारदोन चुकार आयन येणारच. तुला काय वाटतं?

तुझा ठोंब्या

११ सप्टेंबर

ठोंब्या,

पाटीची बातमी वाचली, चष्मा पुसला आणि परत वाचली. मला आनंद झाला, उगाच नम्रपणाचा आव आणत नाही. पोरांनी माझ्या स्फटिकांवर पदव्या मिळवल्या आणि निबंधाच्या तळाशी आभार मानताना माझं नाव घालायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आता दारावरच येतंय म्हटल्यावर शेजारणीला बोलावून तुझं पत्र वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "पण तुम्ही तिथे करायचात काय?" मी म्हटलं, "एका अणूचे चव्वेचाळीस इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे आणि त्याला अगदी सावकाश दगडाकडे सोडायचं." ती म्हणे, "सावकाश सोडल्यावर दगडाला काय होणार?" सगळे इथेच फसतात. मी सांगितलं, "दोन दिवसांचा उपाशी पाहुणा दार आपटत येत नाही. पण तो उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच तुमची भांडी रिकामी व्हायला लागतात." दगडाला शिवण्याआधीच हा आयन त्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि अंगातली सगळी ऊर्जा वरच्या वर सांडतो. तिथे टेंगूळ येतं. मग मी तिला टेबलाचं सांगितलं. आयन सावकाश यायला हवा असेल तर समोरच्या टेबलावर हजारो व्होल्ट चढवावे लागतात, चढणीवर गाडी मंदावते तसा तो मंदावतो. जितका सावकाश हवा, तितकं टेबल जास्त चढवायचं. शेजारीण म्हणाली, "म्हणजे तिकडे सगळं शांत दिसतं तेव्हाच हात लावायचा नसतो." बाई जन्मात प्रयोगशाळेत गेलेली नाही, पण बोलली अगदी बरोबर.

आता तुझं चित्र. सातही टेंगळं गोल आणि उठावदार आहेत. वेगात आलेला आयन आपल्या स्फटिकात आत रुततो, वर फारसं दिसत नाही. हे सातही जण सावकाश आलेले आहेत. कोरा ठेवलास तेव्हा पिंजऱ्याचं दार खरंच उघडं होतं? लाल दिवा विझला होता? आठवून लिही. आणि तोवर वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची काठी लावल्याशिवाय टेबलाला हात लावू नकोस, टेबलाला वीज पोचवणाऱ्या डावीकडच्या पितळी बोंडाच्या वाटेला जाऊ नकोस. दिवा विझलाय एवढ्यावर विसंबू नकोस.

आत्या

१७ सप्टेंबर

आत्या,

दार उघडं होतं आणि दिवा विझलेला होता. दार उघडलं की व्होल्टेज जातं आणि दिवा विझतो, हे तूच मला पहिल्या दिवशी शिकवलंस. मग एवढी काळजी कसली? स्फटिक तर उजवीकडच्या कोठीतून दांड्याने आत जातो, टेबलाला हात लावायची वेळच येत नाही. तू तरी कधी काठी लावायचीस? मला आठवत नाही.

तुझी काळजी पंपवाल्या काकांना सांगितली. ते म्हणाले, "बाई बोलतात ते बरोबर आहे." त्यांचं तर तुला माहीतच आहे. पिंजऱ्याचं दार उघडतील, दिव्याकडे बघतील, दहा आकडे मोजतील, परत दिव्याकडे बघतील, मग आत पाय टाकतील. मी चिडवतो, "काका, दिवा आता तुम्हाला ओळखायला लागलाय." ते म्हणतात, "म्हातारपणी लंगडायचंच आहे, तर निदान स्वतःच्या पायांनी लंगडू दे." तुला निरोप आहे, तुझ्या भाषणाला ते कानात घालायला कापूस घेऊन येणार आहेत.

झडपेचा जोड बदलायला दिलाय. पुढच्या कोऱ्या स्फटिकावर काही दिसणार नाही बघ.

ठोंब्या

२३ सप्टेंबर

ठोंब्या,

हे एकटा असताना वाच आणि वाचून झालं की फाड. आडवळणाने सांगितलेलं तुझ्या डोक्यात शिरत नाही, म्हणून सरळ सांगते.

पिंजऱ्याच्या चौकटीवर करडी पेटी आहे. तिच्या मागे मेणाच्या दोऱ्याने बांधलेली दोन वितींची निळी तार असेल. ती मी लावली आहे. ती असेपर्यंत दार उघडलं तर दिवा विझतो, पण व्होल्टेज जात नाही. टेबल चढलेलंच राहतं. झडपेतून चुकलेले आयन त्या टेबलामुळे मंदावले, तुझी सात टेंगळं त्यातून आली.

का लावली ते तुला वेगळं सांगायला नको. स्फटिक आत सरकवायला दार उघडावंच लागतं, आणि एकदा व्होल्टेज उतरलं की परत चढवायला पाऊण तास जातो. तेवढ्यात आतला उरलासुरला वायू ताज्या तोंडावर बसतो, आणि मग सुईला टेंगूळ कुठलं आणि मळ कुठला ते कळत नाही. एका मोठ्या पाहुण्या शास्त्रज्ञाचं काम आठवड्यात उरकायचं होतं, म्हणून आठवड्यापुरती लावली. काढीन काढीन म्हणत अकरा वर्षं गेली. हात कुठे घालायचा नाही हे मला ठाऊक होतं. बाकी कोणाला ठाऊक नव्हतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी काढणार होते, पण सगळे हार घेऊन भोवती उभे होते. त्यांच्या देखत पेटीमागे हात घालायची लाज वाटली.

आज संध्याकाळीच काढ. कोणाला सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची, समारंभ पार पडू दे. हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय, पण लिहितेय. काढलीस की एका ओळीत कळव. तोवर मला झोप नाही.

आत्या

२९ सप्टेंबर

आत्या,

तार काढली. तुझं पत्र फाडलं. आता स्वस्थ झोप.

मला राग आला असेल असं तुला वाटत असेल. नाही आला. थोडं हसू आलं, कारण पार्सल बांधतेस तशाच तीन गाठी तिथेही होत्या. कोणालाही काही कळणार नाही.

मालिका झकास चाललीय. बत्तीस झाले, आठ उरले. या आठवड्यातल्या चारही स्फटिकांची तोंडं आरशासारखी आली, सर म्हणाले अशी चित्रं त्यांनी तुझ्यानंतर पाहिली नाहीत. पाटीचा नमुनाही पाहिला. साहेबांच्या दारावरच्या पाटीपेक्षा तुझी अक्षरं मोठी आहेत, ते अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही. भाषण लिहायला घे.

ठोंब्या

१४ ऑक्टोबर

आत्या,

पंपवाले काका गेले.

शनिवारी दुपारी. मी पाटी आणायला गेलो होतो. पंपाच्या जोडातून हवा गळायला लागली, म्हणून ते पाना घेऊन पिंजऱ्यात शिरले आणि पाना पितळी बोंडाला लागला. मी परत आलो तेव्हा ते खाली पडलेले होते. डॉक्टर आले, पण उपयोग झाला नाही.

चौकशीची माणसं दोन दिवस इथेच होती. त्यांनी पिंजऱ्याचं दार दहा वेळा उघडलं. दहाही वेळा व्होल्टेज गेलं, दिवा विझला. म्हणून त्यांचं म्हणणं असं, की काकांनीच वेळ वाचवायला दारावरचा स्विच काहीतरी लावून दाबून ठेवला असणार. तसाच अहवाल होणार आहे. काकूंना आणि मुलीला साहेबांनी सांगितलं. मी बाहेर उभा होतो.

समारंभ पुढे ढकललाय. तू येऊ नकोस, प्रवास झेपणार नाही तुला.

ठोंब्या

२० ऑक्टोबर

ठोंब्या,

आज वीस तारीख. भाषण लिहून ठेवलं होतं, ते सकाळी फाडलं.

पहिले तीन दिवस मी नुसती रडले. माझ्या कामाच्या पहिल्या दिवशी त्या माणसाने मला स्वतःचा डबा दिला होता, कारण मी माझा विसरले होते. चौथ्या दिवशी डोकं चालायला लागलं. स्विच दाबून ठेवला म्हणे, वेळ वाचवायला! जो माणूस दहा आकडे मोजल्याशिवाय आत पाय टाकत नव्हता, तो?

मग तुझी सगळी पत्रं काढून बसले. २९ तारखेचं चार वेळा वाचलं. तार काढली असं लिहितोस, आणि त्याच आठवड्यातली चारही तोंडं आरशासारखी होती असंही लिहितोस. तार नसताना पाऊण तास थांबून तोंड आरशासारखं राहत असतं, तर मी ती अकरा वर्षं ठेवलीच नसती. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं, कारण एका ओळीत उत्तर आलं होतं आणि मला झोप हवी होती.

आता मला एकच सांग. शनिवारी दुपारी ती तार तिथे होती का? मला हो किंवा नाही एवढंच हवंय.

आत्या

२७ ऑक्टोबर

आत्या,

होती.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी पेटीमागे हात घातला होता. तार बोटांना लागली. मग मनात हिशेब केला, बारा उरलेत, फार तर तीन आठवडे. तार काढली तर उरलेले बारा आधीच्या अठ्ठाविसांशी जुळणार नाहीत आणि वर्षभराची मालिका वाया जाईल. पिंजऱ्यात माझ्याशिवाय जातं कोण, असं स्वतःला सांगितलं. काका महिन्यातून एकदा जातात हे मला माहीत होतं. तरी तसंच सांगितलं.

शनिवारी एकोणचाळिसावा आत होता. टेबल चढवून मी पाटी आणायला गेलो, तासाभरात येतो म्हणून. पुढचं तुला कळेल. काकांनी दार उघडलं असेल आणि दिवा विझला असेल.

अजून एक आहे, ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. मी आलो तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी मुख्य स्विच पाडला. मोठ्याने हाका मारल्या. आणि माणसं धावत येईपर्यंत ती तार सोडवली आणि खिशात घातली. तुझ्या गाठी सुटायला वेळ लागतो, आत्या. किती सेकंद गेले मला माहीत नाही. तेवढा वेळ मी त्यांच्या छातीवर दाब द्यायला हवा होता.

आता बोलून ते परत येणार नाहीत. अहवाल झालाय, फाईल बंद झालीय. साहेब म्हणतात समारंभ जानेवारीत करू. तुझं नाव, माझी पदवी, सगळं जाईल आणि मिळणार काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तूच म्हणाली होतीस ना, झाकली मूठ? तेवढी झाकलेली राहू दे. मी तुझ्या पाया पडतो.

ठोंब्या

२ नोव्हेंबर

ठोंब्या,

दात आपले होते. ओठ दुसऱ्याचा कापला गेला.

काल साहेबांना आणि चौकशीवाल्यांना मी रजिस्टर पत्रं पाठवली. तार कोणी लावली, कधी, कशासाठी, कुठे कशी बांधली, सगळं लिहिलं. सप्टेंबरात मला चित्रावरून धोका कळला होता आणि पाटीच्या हव्यासापायी मी तो बाहेर सांगितला नाही, हेही लिहिलं. पाटी लावू नका म्हणून सांगितलं. तुझ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. घाबरून घातलं नाही असं समजू नकोस. तू काय केलंस ते तू लिहायचं. आठ दिवस देते. नाही लिहिलंस तर मी लिहीन. ते लिहिताना माझा हात मोडेल, पण लिहीन.

तुझं पत्र वाचून मला तुझी किळस आली, आणि त्याच वेळी तू जेवलास का असंही मनात आलं. दोन्ही खरं आहे. हे तुला मी शिकवलं, ठोंब्या. स्फटिक फोडायला पातं कसं धरायचं ते शिकवलं आणि लपवायचं कसं तेही. तू माझ्यापेक्षा चार पावलं पुढे गेलास, पण रस्ता माझाच होता.

साहेबांकडे जाण्याआधी काकूंकडे जा. तिला हे कागदावरून कळता कामा नये. मी सोमवारी निघतेय. पोचले की मीही तिच्या दारात उभी राहणार आहे, ती काय करायचं ते करो. पण तू माझी वाट बघत बसू नकोस, एकटा जा.

आत्या

७ नोव्हेंबर

आत्या,

तू निघण्याआधी पोचावं म्हणून हे घाईने टाकतोय. आज सकाळी सगळं लिहून साहेबांच्या हातात दिलं आणि तार त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. पुढे काय होईल माहीत नाही. पोलीस येतील असं वाटतं.

पण काल काकूंकडे गेलो होतो, ते आधी सांगायला हवं.

त्यांनी दार उघडलं आणि आत घेतलं. बाहेरच्या खोलीत त्या शिवणाचं मशीन उघडून बसल्या होत्या. भिंतीवर काकांचा फोटो नव्हता, नुसता खिळा होता. मी काही बोलायच्या आधी म्हणाल्या, "सांत्वनाला आला असशील तर पाणी पी आणि जा. चूक त्यांची होती, साहेबांनी सांगितलंय मला."

मी उभ्यानेच सांगितलं. तुझी तार, तुझं पत्र, माझं उत्तर, उरलेले स्फटिक, शनिवार, गाठी. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं त्या ओरडतील, मारतील. आत्या, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग विचारलं, "दिवा विझला होता?"

"हो काकू."

"नक्की?"

"दार उघडलं की विझायचाच."

"म्हणजे ते बघून आत गेले."

"बघूनच गेले, काकू."

त्या म्हणाल्या, "महिना होत आला, मी रोज त्यांना शिव्या घालतेय. एवढी कसली घाई झाली होती म्हणून. आमचा दोघींचा विचार मनात आला नाही का म्हणून. पोरीने फोटो उतरवला तर मी तिला अडवलं नाही."

मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली. काकू म्हणाल्या, "बस इथे. बाबांबद्दल आहे." ती म्हणाली, "मला त्यांच्याबद्दल काही ऐकायचं नाही."

"ऐक. आपण त्यांच्यावर फार मोठा अन्याय केलाय."

मुलगी बसली. काकूंनी मशीन बंद केलं, कापड बाजूला ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता हिला सांग. दिवा विझला होता, तिथून सुरू कर."

ठोंब्या